अनुदान मिळालं, पण गॅस शेणावर चालतो: आमच्या गोबर गॅसची गोष्ट

आमच्या घरात सिलिंडर बऱ्याच वर्षांपासून आहे, तरी चूल कधी बंद झाली नव्हती. चहा, मुलांचा सकाळचा डबा, अवचित आलेला पाहुणा, एवढं गॅसवर. भाकरी, आमटी, आंघोळीचं पाणी आणि म्हशींचं आंबोण चुलीवर. सिलिंडरला पैसे मोजावे लागतात आणि जळण रानातलं, असा घरातला सरळ हिशेब. धूर या हिशेबात कधी धरलाच जात नाही, कारण तो स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत जातो, हिशेब करणाऱ्याच्या नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात गोबर गॅस काही नवा नाही. आमच्याच भावकीत दोन घरी होता. एक व्यवस्थित चालू, दुसऱ्याच्या खड्ड्यावर आता कडबा रचलेला. त्यामुळे मी विषय काढला तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, गप्पच राहिले. आत्या, म्हणजे सासूबाई, मात्र बोलल्या, "सरकारी चूल आपल्याकडं येऊन गेलीया की. नळकांडं काजळीनं तुंबलं, मग काढून टाकली." ती ऐंशीच्या दशकातल्या निर्धूर चुलीची गोष्ट. केंद्राच्या त्या कार्यक्रमात गावोगाव धुराड्याच्या चुली बसवल्या होत्या. बसवून देणारा माणूस परत आला नाही, आणि नळकांडं साफ कोणी आणि कसं करायचं हे कुणाला सांगितलं गेलं नाही. आत्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी चौकशीची सुरुवात पैशांपासून न करता देखभालीपासून केली.

पंचायत समितीच्या कृषी विभागात पहिला प्रश्न आला तो जनावरांचा. उत्पन्न वगैरे नंतर. दोन म्हशी, एक गाय, एक कालवड. विस्तार अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, रोज २ घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीच्या वर जाऊ नका. २ घनमीटरला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. म्हशीचं दिवसाला पंधरा किलो धरा, गाईचं दहा, कालवडीचं त्याहून कमी, म्हणजे आमचं जेमतेम भागणार. बाहेर भेटलेला एक ठेकेदार मात्र "वहिनी, ४ चाच घ्या, पुढं जनावरं वाढतील" म्हणून मागे लागला होता. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला १ घनमीटरला ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरला सरसकट १४,३५० रुपये अनुदान होतं. म्हणजे २ चं बांधा की ४ चं, सरकारकडून येणार तेवढेच. वाढीव विटा, सिमेंट आणि मजुरी आपल्या खिशातून, आणि उपाशी राहणारी मोठी टाकी आपल्याच परड्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना अनुदान यापेक्षा जास्त होतं, आणि संडास जोडला तर वर १,६०० रुपये. संडासाचं नाव काढताच आत्या उठून आत गेल्या, त्यामुळे ते तिथंच राहिलं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. आधार, बँकेचं पासबुक, जागेचा उतारा, जनावरं असल्याचा दाखला, फोटो. एकच गोष्ट बघून घ्या: आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. आमच्याकडे एका ठिकाणी मधलं नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर होतं, तेवढ्यावर अर्ज थांबला. शिवाय दर वर्षी जिल्ह्याला ठरावीक उद्दिष्ट असतं, ते भरलं की पुढच्या वर्षाची वाट बघायची. यादीत नाव आल्याशिवाय खड्ड्याला हात लावू नका असं आम्हाला बजावून सांगितलं होतं.

खरी मेख पुढे आहे. अनुदान काम पूर्ण झाल्यावर, मोजमाप आणि फोटो झाल्यावर खात्यात जमा होतं. आधी सगळा खर्च आपला. आमचा चाळीस हजारांच्या वर गेला. दूधसंस्थेचं बिल, थोडी उसनवारी आणि माझ्या बचत गटाचं कर्ज मिळून तो उभा केला. ज्या घराला या अनुदानाची सगळ्यात जास्त गरज आहे त्या घरात हे आधीचे पैसे नसतात, आणि योजनेचा हा भाग मला आजही पटत नाही. १४,३५० मधले निम्मे जरी खड्ड्याच्या वेळी मिळाले तरी आमच्या वाडीतली आणखी चार-पाच घरं पुढे आली असती.

बांधलं ते दीनबंधू पद्धतीचं, जमिनीखालचा विटांचा घुमट. हे मॉडेल १९८४ मधलं. त्याआधीच्या खादी ग्रामोद्योगच्या मॉडेलला वर तरंगणारी लोखंडी टाकी असते, गंजते म्हणून तिला वरचेवर रंग लावावा लागतो. दीनबंधूत लोखंड नाही, पण सगळी मदार गवंड्यावर. घुमटाला केसाएवढी फट राहिली तरी गॅस निघून जातो आणि शेवटी खापर शेणावर फुटतं. भावकीतल्या त्या बंद पडलेल्या टाकीचं हेच झालं होतं असं आमच्या मिस्त्रीनं बघितल्या बघितल्या सांगितलं. हा मिस्त्री प्रशिक्षण घेतलेला होता. आतून गिलावा, त्यावर रंग, रोज पाणी मारणं, आणि शेण भरायच्या आधी घुमटावर मातीचा भराव, यातल्या एकाही गोष्टीत त्यानं घाई केली नाही. आम्हीच घाई करत होतो, कारण आभाळ भरून यायला लागलं होतं. त्यानं पाच वर्षांच्या मोफत देखभालीच्या हमीचा कागदही दिला. तो आत्यांनी स्वतः पेटीत ठेवला.

पहिली भरती म्हणजे खरी कसोटी. रोजचं ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, आणि आत मुरायला चाळीसेक दिवस, असा हिशेब मांडला की दोन टन शेण एकदम लागतं. चार जनावरांकडून ते कसं जमायचं? गोठ्यामागं ढीग साठवला, शेजारच्यांकडून घमेल्यानं आणलं, बदल्यात उसाला स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणारा पातळ शेणकाला, द्यायचं कबूल केलं. चालू टाकीतली स्लरी चुलत सासऱ्यांकडून बॅरल भरून आणली आणि विरजणासारखी त्यात टाकली. कालवण्याचं काम माझं आणि ह्यांचं. शेणातल्या वैरणीच्या काड्या वेचून काढाव्या लागतात, नाही तर वर साय धरते. गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी टाकीत चुकूनही जाता कामा नये, आतले जंतू मरतात.

मग नुसती वाट बघणं. गॅस झाला, कॉक उघडला, काडी ओढली आणि ती विझली. मामा म्हणाले, "झालं!" पण मिस्त्रीनं आधीच सांगून ठेवलं होतं की सुरुवातीचा गॅस पेटत नाही. त्यात कर्बवायूच जास्त असतो, तो बाहेर सोडून द्यायचा. सोडला. थोड्या दिवसांनी निळी ज्योत लागली. त्या दिवशी आत्यांनी पहिलं दूध तापवलं आणि ते मुद्दाम उतू जाऊ दिलं.

शेगडी याच गॅसची वेगळी येते, सिलिंडरची चालत नाही, कारण या गॅसला दाब कमी आणि बर्नरची भोकं मोठी लागतात. पाइपला उतार आणि पाणी काढायची सोय ठेवा, नाही तर नळीत पाणी साचून ज्योत फडफडते. गॅसला वास येईल अशी सगळ्यांना भीती होती. पेटला की वास येत नाही. आला तर समजा कुठेतरी गळतंय, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आणि टाकी रिकामी करायची वेळ आली तर कुणीही आत उतरायचं नाही, जाणकार माणूस बोलवायचा. आतला वायू गुदमरवून मारतो.

कागदावर २ घनमीटर गॅस म्हणजे दिवसाला पाऊण-एक किलो सिलिंडरचा गॅस. आम्हाला एवढा रोज मिळत नाही. उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. पौष-माघात थंडीनं आतलं कुजणं मंदावतं, तेव्हा संध्याकाळच्या भाकरी सिलिंडरवर. म्हैस गाभण काळात चरायला बाहेर राहिली की ते शेणही हातचं जातं. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, पण ती चूल आता परड्यात आहे, आणि लाकूड पूर्वीच्या पावपटही लागत नाही.

अनुदान आमच्या खात्यात पुढच्या हंगामात जमा झालं, तोवर बचत गटाचे हप्ते चालूच होते. स्लरीची एक सरी मामांनी वेगळी ठेवून बघितली, त्या उसाला युरिया कमी घातला तरी चाललं, तेव्हापासून टाकीत शेण घालायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलंय. शेजारच्या भावजींचा अर्ज यंदाच्या यादीत आहे. त्यांच्या तीन गाई आहेत. त्यांना १ घनमीटरचंच बांधायला आणि मृगाच्या आधी घुमट झाकायला सांगितलंय.