सोसायटीच्या एसटीपीचं पाणी, मागची वांगी आणि मीठ

"वहिनी, त्या पाण्यावरची वांगी खाणार कोण?" इमारतीचं शुद्ध केलेलं सांडपाणी मागच्या भाजीला देऊ, असं मी सुचवल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये आलेला हा प्रश्न रास्तच होता. सांगलीत शेरीनाल्याचं, म्हणजे शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याचं, नाव काढलं की माणसं नाकाला रुमाल लावतात. ते सांडपाणी धुळगावला नेऊन शेतीला द्यायची योजना ऐकून सगळ्यांना माहीत, पण आपल्या दारात म्हटलं की चेहरे उतरतात. इकडे विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, शुद्ध केलेलं पाणी गटारात सोडतो आणि मागच्या भाजीसाठी उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो! मला ते पटेना.

आधी तपासणी. पाणी नितळ होतं, वासही नव्हता, पण विष्ठेतले ई. कोलाय जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत. लॅबवाल्यांनी निर्जंतुक बाटली दिली आणि बजावलं, "धुवू नका, आत सोडियम थायोसल्फेट आहे." ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1989च्या मार्गदर्शनात कच्च्या खायच्या पिकांसाठी 100 मिलीलीटरमागे 1000 फीकल कोलिफॉर्मची (विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची) मर्यादा होती. आमचा आकडा तिच्या आत आला. पण क्लोरीन संपला की तो कुठं जाईल? म्हणून एका रिपोर्टवर न विसंबता पिकंच बदलली. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर बाद. वांगी, शेवगा, केळी, मका आणि झेंडू ठेवले. फवारा नाही, फक्त ठिबक, वर उसाचं पाचट. म्हणजे पाणी पानाफळांना लागत नाही. तोडणीच्या काही दिवस आधीपासून फक्त नळाचं पाणी. पाइप जांभळा, त्यावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी, आणि मुलांच्या हाताला येईल असा एकही नळ ठेवला नाही.

ठिबकच्या तोट्या शेवाळानं तुंबतात, त्यामुळे डिस्क फिल्टर वरचेवर धुवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, एवढंच.

जंतूंपेक्षा मला भीती मिठाची आहे. एसटीपी घाण काढतो, विरघळलेले क्षार नाही. आमच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती ते सांगणारं माप) 1.3 डेसिसायमन प्रति मीटर आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) हिशेबात 0.7च्या वर गेलं की जपून वापरायचं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जास्त पाण्यानं जमिनी क्षारपड झालेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. आमच्याकडचे निवृत्त कृषी सहायक काका म्हणाले, "पाण्यात नुसती ईसी बघू नका, सोडियम किती तेही बघा. सोडियमनं जमीन घट्ट, चोपण झाली तर पाणी मुरायचं नाही." चोपण जमीन सुधारायला वापरतात ते जिप्समही माती तपासल्याशिवाय टाकायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. साबण, डिटर्जंट आणि वॉटर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), तिन्हींतून सोडियम येतो.

एक फायदा मात्र लगेच दिसला. या पाण्यात नत्र असतं, त्यामुळे युरिया बंद केला. तरी वांग्यांना नुसता पालाच आला, फळ बेताचं. तिथं आता नळाचं पाणी आलटून पालटून देतो.

सॉफ्टनरचं खारं पाणी एसटीपीत न सोडता वेगळं काढावं, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांच्याकडे सॉफ्टनर आहेत त्यांना अर्थातच तो मान्य नाही. प्लंबरचा खर्च कुणी द्यायचा यावर पुढची मीटिंग व्हायची आहे.