लेन्स घ्यायची कुठून? एका सोलापूरकराचा दीड महिना

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काढलेला माझा सगळ्यात लाडका फोटो मावसभावाला दाखवला, तर तो म्हणाला, "शेळी आहे का बे ही?" काळवीट होता तो. चांगला जून, पीळदार शिंगांचा नर. पण सत्तर ते तीनशे मिमीची झूम लेन्स पार शेवटपर्यंत ताणूनही फोटोत शेंगदाण्याएवढाच आला होता, आणि कापून मोठा केला की शिंगं गवतात विरघळायची. त्याच रात्री ठरलं, मोठी लेन्स घ्यायची.

कोणती, हे दोन दिवसांत ठरलं. माझ्याकडं निकॉनची डी७५०० बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आहे. तिचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा तुकडा, लहान, त्यामुळं ५०० मिमीची लेन्स लावली की मोठ्या सेन्सरच्या (फुल फ्रेम) कॅमेऱ्यावर ७५० मिमीनं दिसेल तेवढं जवळचं दिसतं. सिग्मा आणि टॅमरॉन दोघांच्याही १५०-६०० आहेत, पण लांबच्या टोकाला त्या एफ/६.३ वर जातात, म्हणजे उजेड कमी आत घेतात. निकॉनची २००-५०० शेवटपर्यंत एफ/५.६ राहते. पहाटेच्या उजेडात तेवढंही कामाला येतं. कुठून घ्यायची, यात मात्र दीड महिना, दोन रेल्वेप्रवास आणि भाचीची एक फेरी खर्ची पडली. तेच लिहितोय.

सुरुवात घरापासून केली. नवी पेठ आणि आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत फिरलो. आपल्याकडचा कॅमेऱ्याचा धंदा लग्नांवर चालतो. त्यामुळं ५० मिमी, ८५ मिमी, २४-७०, ७०-२००, फ्लॅश, बॅटऱ्या, अल्बमचे नमुने यांना तोटा नाही. पाचशे मिमी म्हटलं की दुकानदार आधी आपल्याकडं नीट बघतो. "मालक, गड्ड्यासाठी घेताय का?" एकानं विचारलं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. त्या गर्दीत ही लेन्स घेऊन उभा राहिलो, तर सात नंदीध्वजांपैकी एकाचा वरचा हात-दीड हातच चौकटीत येईल. नान्नज म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मागवून देतो. पण ॲडव्हान्स लागेल, आणि आल्यावर परत घेत नाही."

त्याचं चूक नाही. वर्षात एखादं असलं गिऱ्हाईक येतं, लाखाच्या घरातला माल तो कशाला अडकवून ठेवील? पण मला लेन्स घेण्याआधी माझ्या बॉडीला लावून बघायची होती. मागवलेल्या मालात ते होत नाही.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या साइटवरून ५० मिमी मागवली होती. खोक्यावरची पट्टी एकदा निघून परत चिकटवल्यासारखी दिसत होती, वॉरंटी कार्डावर शिक्काच नाही. मी गावाला गेलो होतो, खोकं उघडेपर्यंत परतीची मुदत संपलेली. विक्रेता साइटकडं बोट दाखवायचा, साइट विक्रेत्याकडं. ऑनलाइन घेऊ नका असं म्हणणार नाही. पण घेतलीत तर विक्रेता कंपनीचा अधिकृत डीलर आहे का ते कंपनीच्याच साइटवर बघा, खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्यात पट्टी, खोक्यावरचा नंबर, लेन्सवरचा नंबर दाखवा. आणि गावाला जायच्या आदल्या दिवशी मागवू नका.

मग मुंबई. कचेरीतले दोघं-तिघं म्हणाले, "बोरा बाजारात स्वस्त मिळतंय." पूर्व भागातल्या एका मित्राचं म्हणणं हैदराबादला चल, पाहुण्यांकडं राहू. हैदराबाद तीनशे किलोमीटर. पण पाहुण्यांकडं राहायचं म्हणजे दोन दिवस जेवणं आणि अर्धा तास बाजार, हे मला ठाऊक होतं. सिद्धेश्वरचं तिकीट काढलं.

सिद्धेश्वर एक्सप्रेसची सोय चांगली आहे. रात्री सोलापूरला झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. स्टेशनबाहेर रस्ता ओलांडला की बोरा बाजार. पण शटर वर जायला दहा-अकरा वाजतात, तोवर बनमस्का आणि दोन चहा एवढाच उद्योग. शुक्रवारी रात्री निघा, म्हणजे शनिवार हाताशी येतो. रविवारी फोर्टातली बहुतेक दुकानं बंद.

पहिल्या तीन दुकानांत एकाच लेन्सचे तीन-तीन भाव ऐकले. बिलासकट, बिलाशिवाय, आणि "इंटरनॅशनल वॉरंटी". हा तिसरा प्रकार ऐकायला भारदस्त, पण त्याचा अर्थ एवढाच की माल कंपनीच्या भारतातल्या वाटेनं आलेला नाही. उद्या मोटर बंद पडली तर इथलं सर्व्हिस सेंटर ती फुकट दुरुस्त करून देणार नाही. बाजारात ह्याला ग्रेचा माल म्हणतात. पाच-सात हजार वाचतात खरे. दोन-अडीच हजारांच्या वस्तूला मीही तो धोका पत्करला असता.

बिलाचंही सांगतो, कारण आपल्याकडचे स्टुडिओवाले इथंच फसतात. लेन्सवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदार ८४,९६० म्हणाला, तर त्यात ७२,००० लेन्सचे आणि १२,९६० कराचे. तुमचा जीएसटी नंबर असेल आणि लेन्स धंद्यासाठी घेत असाल, तर बिलावर तो नंबर घालून घ्या. कराचा तेवढा परतावा हिशोबात धरता येतो. अशा माणसानं आठ हजार वाचवायला बिल सोडलं, तर १२,९६० चा परतावा बुडाला, म्हणजे वर त्याचेच पाच हजार गेले. माझ्यासारख्या नोकरदाराला परतावा नाही, पण वॉरंटी बिलावरच चालते.

चौथ्या दुकानात जुन्या लेन्सांचं कपाट होतं. त्यात एक २००-५०० दिसली, भाव नव्याच्या पाऊणपट. बाहेरून कोरी करकरीत, झूमची कडी लोण्यासारखी फिरत होती. माझ्या बॉडीला लावली, समोरच्या इमारतीवरची पाटी टिपली, झकास. हात खिशातल्या फोनकडं गेला तो पैसे द्यायलाच. तेवढ्यात आठवलं म्हणून त्याच फोनची बॅटरी पेटवली आणि मागच्या बाजूनं काचेत तिरकी मारली. आतल्या एका काचेच्या कडेला पांढुरक्या तंतूंचं जाळं होतं. घराच्या कोपऱ्यात असतं तसलं, पण नखाएवढं. ट्यूबलाइटखाली त्याचा मागमूसही नव्हता.

बुरशी. दुकानदार म्हणाला, "साफ करके देंगे." साफ होतेही, पण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो डाग राहतो. चार महिने पाऊस आणि बाराही महिने दमट हवा, मुंबईतल्या जुन्या लेन्सला हे दुखणं लवकर जडतं. आपल्याकडं हवा कोरडी, धुळीचाच काय तो त्रास. झूम लेन्स लांब होताना हवा ओढते आणि तिच्याबरोबर धूळही आत घेते. पण धुळीचे चार कण फोटोत उमटत नाहीत. जुनी घ्यायची असेल तर मी तरी कोरड्या हवेतल्या माणसाकडची घेईन. आणि बॅटरी मारताना लेन्सचं एक टोक डोळ्यासमोर, दुसरं बॅटरीकडं, थोडी तिरकी. सरळ धरली तर काही दिसत नाही.

मुंबईहून रिकाम्या हातानं परत आलो. आईनं विचारलं, "एवढ्या लांब जाऊन नुसता चहा पिऊन आलास?"

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. लेन्स भाड्यानं आणली. पुण्यात शिकणारी भाची शनिवारी घरी येणार होती, तिला एका भाड्यानं देणाऱ्याकडं पाठवलं. आधारची प्रत आणि अनामत घेतात. अनामत आपण पाठवली तरी सही नेणाऱ्याचीच लागते, त्यामुळं लाजऱ्या माणसाला पाठवू नका. ती घरात शिरली ती बॅग माझ्या हातात आदळतच. "मामा, हे धोंडं सोमवारी तूच स्टेशनापर्यंत आणायचं." लेन्स २ किलो ३०० ग्रॅमची आहे. हे आकडे वाचताना काही वाटत नाही.

रविवारी पहाटे नान्नज. बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटर. अभयारण्य १९७९ चं, माळढोकसाठी केलेलं. पण माळढोक दिसेल ह्या आशेवर कुणी जाऊ नका. काळविटं, खोकड, चंडोल आणि थंडीत येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी हेच काय ते पदरात पडतं, आणि तेवढं पुष्कळ आहे. आत कुठवर जायचं ते वनखात्याच्या माणसाला विचारूनच.

एक युक्ती सांगतो. ही लेन्स हातात धरून दहा मिनिटांत खांदे भरून येतात, आणि गाडीत तिवई मांडता येत नाही. घरातल्या फाटक्या चादरीची पिशवी शिवून तिच्यात तीन-चार किलो ज्वारी भरली, तोंड शिवून टाकलं आणि गाडीच्या खाली केलेल्या काचेवर टाकली. लेन्स तिच्यात मांजरासारखी बसते. आईनं ज्वारी मोजून दिली आहे, परत मागणार आहे.

साडेसातला एक नर रस्त्याच्या डाव्या अंगाला उभा होता. शिंगांवरच्या कड्या मोजता येतील असा फोटो आला. डोळ्याखालची पांढरी कड, नाकावर बसलेली माशी. मी गाडीतच ओरडलो आणि तो पळाला.

साडेनऊनंतर गंमत झाली. तीच लेन्स, तोच कॅमेरा, आणि फोटो पाण्यात पडलेल्या सावलीसारखे. आधी वाटलं लेन्समध्येच खोट आहे. मग मान वर करून पाहिलं तर सगळा माळच थरथरत होता. जमीन तापली की तिच्यावरची हवा लवलवायला लागते, आणि दोनशे मीटर लांबचं काहीही कुठल्याही लेन्सनं स्वच्छ येत नाही. लेन्सची परीक्षा सोलापुरात उन्हं चढल्यावर घेऊ नका, चांगल्या लेन्सला नापास कराल. भाडं दोन दिवसांचं तीन हजार गेलं. सगळ्या प्रकरणात वसूल झालेला पहिला पैसा तोच.

आता लेन्स हीच, हे पक्कं झालं. आणि दुकानाचंही डोक्यात लख्ख झालं. लेन्स बिघडली तर सोलापुरातले दुकानदार ती पुण्याला पाठवतात, हे त्यांनीच सांगितलं होतं. मग मी पुण्यातूनच का घेऊ नये? सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरायची, साडेदहाच्या सुमारास पुणे, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. रजा एकच, मुक्काम नाही. मुंबईच्या दुकानदाराशी भांडायला दोन रात्री लागतात, पुण्याच्या दुकानदाराशी भांडून रात्री घरी जेवता येतं. भावात मुंबई-पुण्याचा फरक दीड हजाराचा निघाला. तो मी सोडला.

पुण्याला निघण्याआधी दोन अधिकृत डीलरांना फोन केले. विचारायचं एवढंच, माल दुकानात आहे का, आणि माझ्यासमोर उघडून माझ्या बॉडीला लावून देणार का. एक म्हणाला, सील तोडलं की घ्यावीच लागेल. दुसरा म्हणाला, या. त्याच्याकडं गेलो.

तिथं पाऊण तास खाल्ला. आधी खोकं, लेन्स आणि वॉरंटी कार्ड ह्यांवरचा नंबर जुळवला. मग रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी, ५०० वर, एफ/५.६ ला. एकदा डोळा लावून, एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. ही पायरी गाळू नका. डीएसएलआरमध्ये डोळा लावून केलेला फोकस वेगळ्या सेन्सरवर होतो, लाइव्ह व्ह्यूचा थेट मुख्य सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि डोळ्याचा मऊ आला, तर लेन्स आणि बॉडीची जोडी फोकस पुढंमागं धरतेय असं समजायचं. माझ्याकडं थोडा फरक निघाला. डी७५०० मध्ये तो मेनूतूनच जुळवता येतो. जुळवला, पाटीवरचा फोन नंबर वाचता यायला लागला. मग सपाट भिंतीचा एक फोटो काढून चारही कोपरे सारखे आहेत का पाहिलं. एकच कोपरा मऊ असला तर आतली काच तिरकी बसलीय, तो पीस नको म्हणायचं. दुकानातला पोरगा शेवटी शेवटी कंटाळून मोबाइल बघत बसला होता.

पैशांचं आधी विचारून घ्या. कार्डावर त्यानं दोन टक्के जास्त मागितले. यूपीआयला दिवसाची मर्यादा साधारण एक लाखाची असते, पण काही बँका ती आणखी कमी ठेवतात, आणि हे काउंटरवर कळलं की घाम फुटतो. बिलावर लेन्सचा नंबर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

परतीच्या हुतात्मात बॅग मांडीवर ठेवली होती. दौंडच्या पुढं शेजारच्या काकांनी विचारलं, "बाळ झोपलंय का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतल्या त्याच दुकानात गेलो, लेन्स दाखवायला आणि तिच्यासाठी ९५ मिमीचा फिल्टर घ्यायला. त्यानं ती हातात घेतली, दोनदा झूम फिरवून बघितलं, भाव विचारला आणि मान हलवली. मग फिल्टरचे डबे शोधले. सत्याहत्तर होते, ब्याऐंशी होते.

"पंच्याण्णव नाही, मालक. मागवून देतो. ॲडव्हान्स लागेल."

पाचशे देऊन आलोय.