काकीलाही बोलवा

बुधवार, रात्री, कोल्हापूर

पक्षाघाताचा झटका आलेल्या दाजीकाकांना उद्या-परवा हॉस्पिटलातून घरी सोडणार. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी सांगितलं, ते विनूदादाला. तो मुलगा, मुंबईहून आलेला, फॉर्मवर सही त्याची, म्हणून बोलणंही त्याच्याशीच. काकी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. दादा रविवारी मुंबईला परत जाणार. त्यानंतर देवगडच्या घरात काकांना रात्री कुशीवर वळवणार, भरवणार, धुणार ती काकी. तिच्याकडे बघून कोणी एक वाक्य बोललं नाही.

दुपारी ती मला म्हणाली, "सगळा विनूक सांगतत. पन ह्येंका उठवूचा कसा, ता माका नको दाखवूक?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय.

काका पहाटे झोपेतून उठले तेव्हाच उजवी बाजू गेलेली होती. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत नेमकं कधी झालं ते कोण सांगणार? मग फोंडा घाट चढून इथे आणलं. आता तब्येत स्थिर आहे. आपण बोललेलं त्यांना बरंच समजतं, पण स्वतःचे शब्द बाहेर येत नाहीत. डॉक्टरांनी, सिस्टरांनी मनापासून केलं, त्यात खोट काढायची नाही. पण हॉस्पिटलला डिस्चार्ज म्हणजे उपचाराचा शेवट वाटतो आणि काकीचं काम तिथूनच सुरू होतं.

डिस्चार्ज कार्डाचा कच्चा कागद दादाने दाखवला. गोळ्या नीट लिहिल्यात. खाली 'सॉफ्ट डाएट'. आमच्या घरात आजारी माणसाला मऊ म्हणजे पेज. काकी तेच देणार, वर थोडं मीठ घालून. पण पेजेत पाणी वेगळं आणि शितं वेगळी. गिळायला त्रास असलेल्या माणसाला अशी दोन तऱ्हांची वस्तू एका घोटात सांभाळणं फार अवघड जातं. पाणी पुढे निसटतं, श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. काकांची भरवायची नाकातली नळी नुकतीच काढलीय. संध्याकाळच्या सिस्टरना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं: पेज वाटून एकजीव करा, पातळ ठेवू नका, ताठ बसवून छोट्या चमच्याने द्या, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. दोन मिनिटांचं बोलणं. कार्डावरच्या दोन शब्दांतून हे काकीला कसं कळलं असतं?

तसंच खांद्याचं. आपल्याकडे माणसाला उठवायचं म्हणजे दंडाला धरायचं नाहीतर काखेत हात घालून ओढायचं. लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो. ओढला तर सांधा उतरू शकतो आणि दुखणं मागे लागू शकतं. शेजारचे चार जण मदतीला धावतील आणि प्रेमाने तोच हात ओढतील. त्यांना अडवायचं तर काकीला आधी माहीत हवं.

आणि घर. घराबद्दल कोणी विचारलंच नाही. न्हाणी मागच्या दारी, मध्ये उंच उंबरठा, पुढे जांभ्याच्या पायऱ्या, पावसात त्यांवर शेवाळ. खाट इतकी बुटकी की काकीला प्रत्येक वेळी कंबरेतून वाकावं लागेल, आणि तिला स्वतःला बीपी आहे. कमोडची खुर्ची खाटेशेजारी लागेल हे आम्हीच आपापसात ठरवलं.

याबद्दल थोडं वाचत बसले होते. 'अटेंड' नावाचा आपल्या भारतातलाच अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. १४ हॉस्पिटलं, पक्षाघाताचे १२५० पेशंट. एका गटात घरच्या माणसाला हॉस्पिटलात व्यायाम शिकवले, नंतर घरी जाऊनही शिकवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच. वाचून वाईट वाटलं. पण मग लक्षात आलं, की 'घरच्यांना शिकवलंय, आता तुमचं तुम्ही बघा' असं म्हणून फिजिओथेरपिस्टची जागा काकीवर ढकलता येणार नाही, हेच तो आकडा सांगतोय. लंडनमध्ये २००४ साली ३०० पेशंटांच्या घरच्यांना शिकवलं, तेव्हा त्या घरच्यांवरचा ताण कमी झालेला दिसला होता. पुढे २०१३ साली ब्रिटनभर पक्षाघाताच्या ३६ युनिटांत तेच करून पाहिलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही. तरी माझं मत बदलत नाही. काकांना किती बरं वाटेल ते पुढचं पुढे. नवऱ्याला खाटेवरून खुर्चीत घेताना काकीचे हात भीतीने कापू नयेत, एवढ्यासाठी तरी तिला शिकवलंच पाहिजे. तो तिचा हक्क आहे.

रात्री दादाशी बोलले. आधी तो बिलाबद्दल म्हणाला, ते खरंही आहे, पण नंतर स्वतःच म्हणाला, आईला जमेपर्यंत थांबू. उद्या अकराला फिजिओ मॅडम येतील. खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून कमोड, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं काकी स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर करणार, मी मोबाईलवर व्हिडिओ घेणार. 'सॉफ्ट डाएट'च्या जागी मराठीत नीट लिहून द्या, असं सिस्टरना सांगितलंय. घाटात वळणं फार, म्हणून निघण्यापूर्वी किती वेळ आधी भरवायचं तेही विचारायचंय.

दादाने कणकवलीच्या फिजिओंचा नंबर मिळवायचा. ते घरी येतात का, आठवड्यातून किती वेळा आणि काय घेतात, हे गाडी ठरवायच्या आधी कळायला हवं.