तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात बाईकवर फिरायला कुठला जीपीएस घ्यायचा?

रविवारी सकाळी ताम्हिणीतल्या टपरीवर हेल्मेट काढून चहा घेत असले की कुणीतरी विचारतंच, ताई आम्ही यंदा युरोपला बाईकवर जातोय, जीपीएस कुठला घेऊ, का फोनवर भागेल? उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट सांगितलं की मलाच रुखरुख लागते, म्हणून आज सगळं लिहून काढतेय. मी आणि नवरा 2019 ला आणि परत 2023 ला आल्प्समध्ये फिरून आलो, दोन्ही वेळा म्युनिकला भाड्याने गाड्या घेऊन, तर जे सांगतेय ते तिथलं आहे.

आधी पहिल्या ट्रिपचं सांगते कारण माझं सगळं मत तिथूनच बनलंय. स्वित्झर्लंडमधल्या गोथार्ड घाटाच्या दक्षिण अंगाला ट्रेमोला नावाचा जुना रस्ता आहे, दगडी फरसबंदीचा, 24 हेअरपिन वळणं, डोंगरावर एकावर एक दगडी बांध रचत नेलेला. महिनोन्महिने मी त्याचे फोटो बघत होते. त्या दिवशी सकाळी हॉटेलवरून निघताना संध्याकाळच्या मुक्कामाचं गाव टाकलं, नेव्हिगेशन सुरू केलं आणि निघालो. गोशेनेन गावाच्या अलीकडे कानात आवाज आला सरळ चला, आम्ही सरळ गेलो, आणि शिरलो ते थेट बोगद्यात. गोथार्डचा बोगदा जवळजवळ 17 किलोमीटरचा आहे. आत गरम हवा, पुढे ट्रक, मागे ट्रक, थांबायची सोय नाही. बाहेर पडलो ते ऐरोलोला, तिथून मान वर केली तर ट्रेमोलाची वळणं डोंगरावर दिसत होती. मुक्काम लांब होता, नवरा दमलेला, बुकिंगचे पैसे भरलेले. नाही गेलो. यंत्राने काहीच चूक केली नव्हती, त्याला 'फास्टेस्ट' सांगितलं होतं आणि सगळ्यात लवकरचा रस्ता तोच होता.

म्हणून कुणी मॉडेल विचारलं की मी आधी उलट विचारते, तुमचा रस्ता कोण ठरवणार आहे? पुणे-मुंबई जाताना पोचणं महत्त्वाचं असतं, तिथे मशीनला ठरवू दे. आल्प्समध्ये आपण रस्त्यासाठीच जातो, तो रस्ता आपण घरी बसून आखायचा आणि तुम्ही घ्याल ते यंत्र तो आखलेला रस्ता जसाच्या तसा दाखवणारं पाहिजे, माझ्या मते हा एक निकष बाकी सगळ्यांच्या वर आहे. गूगल मॅप्स मी इथे रोज वापरते, पण तिकडच्या फिरण्याला ते अपुरं पडतं. थांबे मोजकेच टाकता येतात, जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेला रस्ता साठवलेली फाइल, देऊन 'या रेषेवरून ने' असं सांगता येत नाही, आणि वळण चुकलं की ते आपल्या मनाने नवीन जवळचा रस्ता काढतं, तो बहुतेक वेळा तुम्हाला हायवेवर नेतो.

आता जीपीएक्समधली एक गोष्ट नीट समजून घ्या, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. त्या फाइलमध्ये रूट असू शकतो किंवा ट्रॅक. रूट म्हणजे ठरावीक बिंदू, त्यांच्या मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि स्वतःच्या सेटिंगप्रमाणे काढतं. त्यामुळे तुम्ही कॉम्प्युटरवर घाटातून आखलेलं यंत्रावर टाकल्यावर बोगद्यातून जाऊ शकतं. ट्रॅक म्हणजे आखलेली रेष, ती हलत नाही. मी आता दोन्ही टाकते, रूट आवाजी सूचनांसाठी आणि ट्रॅक नकाशावर ठळक रंगात खाली, दोन्ही एकमेकांपासून सुटे झाले की लगेच कळतं यंत्र भलतीकडे नेतंय. रूट आखताना घाटाच्या मधोमध एक-दोन बिंदू टाकून ठेवायचे, पण ते नुसते आकार देणारे, 'शेपिंग पॉइंट' म्हणतात ते. त्यांना थांबा केलंत आणि नेमका तो रस्ता बंद असला तर यंत्र मागे फिरा मागे फिरा करत बसतं. आखायला कुरविगर किंवा कॅलिमोटो ही अ‍ॅप्स बघा, दोन्ही जर्मन, खास बाईकवाल्यांसाठी केलेली, वळणांचा रस्ता शोधून देतात.

यंत्र की फोन? वर्षाआड बाहेर जाणार असाल, किंवा स्वतःची गाडी घेऊन दोन-तीन महिन्यांसाठी निघणार असाल, तर बाईकचं वेगळं यंत्र घ्या. 2023 ला आम्ही गार्मिन झुमो एक्सटी नेला, साडेपाच इंची स्क्रीन, भर उन्हात दिसते, ग्लोव्हज घालून चालते. हे किती महत्त्वाचं आहे ते पावसात कळतं. पहिल्या ट्रिपला फुर्का घाटात पाऊस लागला तेव्हा फोनच्या स्क्रीनवरचा प्रत्येक थेंब बोट लागल्यासारखा धरला जात होता, नकाशा आपोआप लहान-मोठा होत होता, मी बाजूला थांबून ग्लोव्ह काढला, गारठलेल्या ओल्या बोटाने परत जागेवर आणला आणि दोन वळणांनंतर परत तेच. त्याच ट्रिपला इटलीत उतरल्यावर उन्हात चार्जिंगवर असलेला फोन तापून बंद पडला. शिवाय इंजिनच्या व्हायब्रेशनचं आहेच, आयफोनच्या कॅमेऱ्याला मोटरसायकलच्या जोरदार व्हायब्रेशनने इजा होऊ शकते हे अ‍ॅपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलंय.

पण एकदाच पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर यंत्रावर पाचशे युरोच्या घरात घालवू नका, मी मनापासून सांगतेय. घरात जुना अँड्रॉइड फोन पडलेला असतो तो न्या, त्यात ओस्मअँड हे नकाशाचं अ‍ॅप टाका, जाणार त्या देशांचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि तुमच्या ट्रॅकच्या फाइली टाका. फोन हँडलवर बसवायला चांगल्या पकडीचा माउंट, त्यात हादरे शोषणारा व्हायब्रेशन डॅम्पर, वर पावसासाठी कव्हर. रोजचा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, कारण तिकीट, हॉटेल, पैसे, घरच्यांचे नंबर सगळं त्यात असतं आणि पडला तर तो माउंटवरचा पडावा, खिशातला नाही.

बरेच जण घाबरतात, तिकडे नेट नसलं तर जीपीएस कसं चालणार? चालतं हो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल पाठवतात, आपला फोन तो नुसता ऐकतो, त्याला सिमकार्डसुद्धा लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक बघायला. इटलीतल्या स्टेल्विओ घाटाच्या माथ्याजवळून उम्ब्राइल घाटाने खाली आलात की तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये असता, आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. जर्मनीत घेतलेलं सिम ऑस्ट्रिया-इटलीत रोमिंगचे जादा पैसे न घेता चालतं, इथे चालेलच असं नाही. प्लॅन घेताना हे विचारून घ्या. आमचं नेट तिथेच गेलं होतं, आणि नेमकं खाली सांता मारियाला चौकात वळायचं होतं.

सेटिंगचं एक सांगते. 'अव्हॉइड हायवे' लावलंत तर स्वित्झर्लंडच्या मोटरवेचं 40 फ्रँकचं स्टिकर घ्यायची वेळ येत नाही आणि रस्तेही चांगले मिळतात. पण त्याच्या जोडीला सवयीने 'अव्हॉइड टोल' लावाल तर ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता गायब होईल, कारण त्याला टोल आहे आणि तो टोल आनंदाने भरावा असा तो रस्ता आहे. स्पीड कॅमेऱ्याच्या सूचना बंद करून ठेवा. जर्मनीत गाडी चालवताना त्या वापरायला मनाई आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये तसली सोय असलेलं यंत्र जवळ बाळगणंच बेकायदा आहे.

आणि कृपा करून हे वाचा. जीपीएस घ्यायला दुकानात गेलात की शेजारीच सॅटेलाइट मेसेंजर दिसतो, गार्मिन इनरीचसारखा, रेंज नसताना मेसेज पाठवणारा. आल्प्ससाठी वस्तू उत्तम, पण तो सिग्नल पाठवतोसुद्धा, आणि आपल्याकडे परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईला याच कारणाने अडवलं होतं. म्हणजे तिकडून हौसेने घेऊन याल आणि मुंबईला उतरताना अडकाल. नुसत्या जीपीएसला, झुमोला, फोनला काही अडचण नाही.

राहिलं चार्जिंग. भाड्याच्या बीएमडब्ल्यूला बऱ्याचदा कारमधल्या लायटरच्या सॉकेटपेक्षा बारीक सॉकेट असतं, आपल्याकडचा नेहमीचा चार्जर त्यात बसत नाही. त्याचं यूएसबी अडॅप्टर आधीच मागवा आणि गाडी कुठली मिळणार ते भाड्याने देणाऱ्याला ईमेलवर विचारा.

2023 ला आम्ही परत गोथार्डला गेलो. यावेळी गोशेनेनला बोगद्याकडे न जाता आंडरमाटवरून वर चढलो, माथ्यावर कॉफी घेतली, आणि ट्रेमोलाच्या तोंडाशी मी थांबून स्क्रीन बघितली, जांभळ्या रेषेची वेटोळी एकावर एक, आणि समोर खाली तीच वेटोळी दगडात. नवऱ्याने मागून इंटरकॉमवर विचारलं, काय झालं, रस्ता चुकलो का? म्हटलं नाही, चल.