पाटी गेलेलं इंजिन

विहिरींवरची, गुऱ्हाळांतली, पिठाच्या गिरण्यांतली जुनी तेल इंजिनं शोधत फिरणं हा माझा छंद. जागा आणि पैसे दोन्ही असले की एखादं विकत घेतो, नाहीतर फोटो काढून, नंबर टिपून नोंद ठेवतो. या वेळी सातारा-सांगली पट्टा धरला होता. सातारा रोडला थांबलो ते धनजीशा कूपर यांच्या कारखान्यासाठी. 1937 साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले कूपर ते हेच. तिथून पुढे किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये निवडुंगानं भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेलं हे गाव इंजिनवेड्यानं एकदा तरी पाहावंच. दोन्हींवर सविस्तर लिहायचं आहे. पण आज नाही, कारण विट्याजवळच्या एका मळ्यात जे पाहिलं त्यानं डोकं अजून तापलेलं आहे.

विट्यातला लॉज ऐन स्टँडसमोर. रात्रभर एसटीचे हॉर्न, पंखा एकाच वेगावर अडकलेला. सकाळी फाट्यावरच्या चहावाल्यानं मळ्याचा रस्ता दाखवला. ऐंशीच्या पुढचे आबा बांधावरच भेटले. "पावणं, इंजिन बघाया आला व्हय? या की, आदी पानी प्या."

विहिरीच्या काठावर दगडी इंजिनघर. छपराचे निम्मे पत्रे उडालेले. आत दोन मोठ्या आऱ्यांच्या चाकांचं, उभ्या सिलिंडरचं इंजिन. बघताक्षणी वाटलं, हे तर लिस्टर कंपनीचं सीएस, म्हणजे 'कोल्ड स्टार्ट'! इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या डर्स्ली गावात 1930 च्या आसपास बनू लागलेलं, मिनिटाला जेमतेम सहाशे फेऱ्या घेणारं, गारठ्यातही हँडल मारून सुरू होणारं. मी पाटी शोधायला वाकलो. पाटीच्या जागी चौकोनी हिरवा डाग होता आणि कोपऱ्यांत रिव्हेटची भोकं. भोकांच्या कडा अजून चकाकत होत्या.

आबा म्हणाले, "मागल्या दिवाळीत शहरातली दोगं आली हुती. इंजिन नगं म्हनाली. पाटी तेवढी मागितली, पाचशे रुपये दिलं. मी म्हनलं, न्या."

आबांना मी काय बोलणार? बोलायचंय ते नेणाऱ्यांना. पितळी पाट्या फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची टूम निघाली आहे. पण पाटीवर इंजिनाचा नंबर असतो. कारखान्याच्या नोंदवह्या शिल्लक असतील, तर त्या नंबरावरून इंजिन कधी बनलं आणि कुणाला पाठवलं हे कळू शकतं. पाटी काढली की इंजिनाचं वय त्याच क्षणी पुसलं जातं. हे जाणूनबुजून करणाऱ्याला मी संग्राहक म्हणणार नाही.

मग बाकीच्या खुणा शोधत बसलो. प्रश्न एकच होता, हे डर्स्लीचं की राजकोटचं? या इंजिनाच्या हुबेहूब नकला राजकोटला वर्षानुवर्षं बनल्या आणि त्याही दणकट निघाल्या, त्यामुळे नुसत्या रूपावर जाता येत नाही. सिलिंडर हेडच्या बाजूला चिखलानं लिंपलेलं एक छोटं हातचाक सापडलं. ते आवळलं की ज्वलनकक्षाचा एक भाग बंद होतो, दाब वाढतो आणि थंड इंजिन पेटतं. लोड आला की सैल करायचं. राजकोटच्या बऱ्याच इंजिनांत हा भाग गाळलेला असतो. क्रँककेसचं दार उघडून बॅटरी मारली, तर मुख्य दांडा पेलणारी बेअरिंग टेपर रोलरची, म्हणजे निमुळत्या रुळांची. डर्स्लीवाले तीच वापरत. राजकोटच्या काही इंजिनांत ती असतात, काहींत नुसत्या धातूच्या नळीची बुश. डिझेल पंपावर मात्र 'मायको'ची खूण. बंगळूरची मायको 1951 नंतरची, पण त्यावरून इंजिनाला त्यानंतरचं ठरवू नये. पंप हा बदलायचाच भाग आहे, कुठल्याही मिस्त्रीनं मिळाला तो बसवला असेल. शेवटी रॉकेलच्या बोळ्यानं एक कोपरा पुसला. वरच्या निळ्या ऑइलपेंटखाली पाटीच्या डागातलाच गडद हिरवा होता, म्हणजे मूळचा रंग तोच. म्हणून सांगतो, जुन्या इंजिनाला पॉलिश पेपर लावू नका, रंगाचे थर हाही पुरावाच असतो.

रस्टन या दुसऱ्या इंग्रजी कंपनीच्या इंजिनांचा नंबर क्रँकशाफ्टच्या टोकावरही ठोकलेला सापडतो, म्हणून इथेही पाहिलं. गंजाशिवाय काही नाही.

माझं मत डर्स्लीचंच, पाच घोड्यांच्या ताकदीचं. आबाही त्याला 'पाचचं इंजिन' म्हणतात. त्यांच्या वडिलांनी मोट सोडून ते घेतलं, कोल्हापुराहून बैलगाडीनं आणलं. साल त्यांना आठवत नाही, "माज्या लग्नाच्या आदी" एवढंच. सीएस मालिकेतली इंजिनं 1980 च्या दशकापर्यंत बनत होती, त्यामुळे आता आबांच्या लग्नाचं साल हाच आमचा एकमेव धागा. पत्रिका शोधायला त्यांनी नातवाला माळ्यावर चढवलं. तोवर आजींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक पुढे ठेवलं. अनोळखी माणसाला इतक्या सहज जेवू घालणारं घर शहरात मला भेटलेलं नाही. पाटी नेणारेही म्हणे इथेच जेवून गेले.

पत्रिका सापडली नाही. इंजिन विकत मागायचा विचार मी सोडून दिला. ते त्याच विहिरीवर शोभतं, आणि नातवाला ते पुन्हा चालू करायचं आहे. गॅस्केट आणि रिंगांची यादी त्याला लिहून दिली.

गेल्या दिवाळीच्या सुमारास विट्याकडून आणलेली लिस्टरची पाटी तुमच्याकडे असेल, तर मला कळवा. पाचशे रुपये मी देतो, वर जाण्यायेण्याचा खर्चही देतो. नाव विचारणार नाही. पाटी द्यायची नसेल, तर निदान तिच्यावरचा नंबर तरी पाठवा.