पुणे ते नागपूर: हवेत फक्त ५९ मिनिटं

डिसेंबरात मावसभावाच्या फ्लॅटच्या रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून नागपूरला जायचं होतं. सकाळी जाऊन रात्री परत. ‘विमान म्हणजे काय, तास-सव्वातासाचं काम,’ असं घरात सगळे म्हणत होते, म्हणून या वेळी मुद्दाम घड्याळ लावून बसलो.

आधी अंतराचा घोळ. कोणी ६०० किलोमीटर सांगतं, कोणी ७००, कोणी ९००च्या जवळ, आणि गंमत म्हणजे सगळे बरोबर असतात. सरळ रेषेत साधारण ६००, रस्त्याने ७००च्या थोडं वर आणि रेल्वेने जवळपास ८८०, कारण गाडी दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेऊन जाते. पुणे–अजनी (म्हणजे नागपूरच) वंदे भारतलासुद्धा बारा तास लागतात. विमानाच्या वेळेचा अंदाज बांधताना रस्त्याचा आकडा डोक्यात ठेवू नका.

घरातून ४:१०ला निघालो, कोथरूडहून लोहगाव विमानतळ ४:५५. विमान ६:५०चं. तिकिटावर १ तास २५ मिनिटं. दारं ६:४६ला बंद झाली, ६:५२ला विमान मागे ढकललं आणि मग नुसतंच उभं. लोहगाव हवाई दलाचा तळ, धावपट्टी त्यांच्याबरोबर वाटून घ्यायची, त्यामुळे इथे थोडा धीर धरावा लागतो. चाकं सुटली ७:०८ला, टेकली ८:०७ला. म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण ५९ मिनिटांचं, आणि तरीही ८:१३ला आम्ही ‘वेळेआधी’ पोहोचलो! तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते; टॅक्सिंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, आणि थांबणं त्यात आधीच धरलेलं असतं.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला अगदी चिकटून. हातात एकच बॅग, त्यामुळे ८:५०ला धरमपेठेत भावाच्या दारात. एकूण चार तास चाळीस मिनिटं. त्यातला जेमतेम एक तास हवेत.

परतीला मात्र विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं, आणि कारण शेवटपर्यंत कोणी धड सांगितलं नाही. उड्डाणालाही ६८ मिनिटं लागली. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. त्यामुळे परतीची वेळ थोडी जास्तच धरा.

सकाळच्या विमानात डावीकडची, म्हणजे ‘ए’ खिडकी घ्या. उजवीकडचे सगळे ऊन चढताच पडदे ओढून बसले होते. मला मात्र खालची शेतं आरामात बघता आली. पुण्यात खिडकीतून फोटो मात्र काढू नका, लष्करी तळावर मनाई आहे. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत राहिली तर काउंटरवर सगळी बॅग उघडावी लागते, माझ्या पुढच्या काकांची तशी उघडली. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, तेव्हा बॅग टाकायची असेल तर दोन तास आधी पोहोचा.

पुण्यात रात्री उतरलात तर कॅबसाठी बाजूच्या एरोमॉलपर्यंत चालत जावं लागतं. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर घरच्या कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा. मी चालत गेलो, आणि कॅब मिळायला २५ मिनिटं लागली.