लेखाखालच्या प्रतिसादांपासून चर्चामंचापर्यंत : माझा अनुभव

आकाशनिरीक्षणाविषयी मी वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर लिहू लागलो, तेव्हा माझे लेख आणि त्यांखालचे चार शब्द कौतुकाचे, एवढाच संकेतस्थळाचा पसारा होता. पुढे प्रतिसादांचे स्वरूप बदलले. दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी आली तर काय करावे, हा प्रश्न कोणीतरी ग्रहणावरील लेखाखाली विचारला आणि एका जाणकार वाचकाने त्याला अत्यंत सविस्तर उत्तर दिले. काही काळाने तोच प्रश्न शनीच्या कड्यांवरील लेखाखाली आला, कारण पहिले उत्तर कोठे आहे हे नव्या वाचकाला कळण्याचा काही मार्गच नव्हता. प्रतिसादाला उपप्रतिसाद देण्याची सोय वर्डप्रेसमध्ये २००८ सालच्या २.७ या आवृत्तीपासून आहे. तरीही ती सारी चर्चा लेखकाने निवडलेल्या विषयालाच बांधलेली राहते. वाचकाला स्वतःचा विषय मांडता यावा आणि दिलेले उत्तर पुन्हा सापडावे, या दोन गरजांसाठी मी चर्चामंच जोडायचे ठरवले.

साधनाची निवड करताना तीन पर्याय समोर होते. पीएचपीबीबी हे २००० सालापासूनचे, भक्कम आणि स्वतंत्रपणे चालणारे सॉफ्टवेअर आहे. पण त्याची सदस्यनोंदणी वेगळी, डेटाबेसमधील तक्ते वेगळे आणि बाह्यरूपही वेगळे. डिस्कोर्स हे चर्चामंचाचे सॉफ्टवेअर जेफ ॲटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी २०१३ मध्ये लोकांसमोर आणले, आणि नव्या सदस्यावर हळूहळू विश्वास टाकत जाण्याची त्याची पद्धत मला आजही सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. मात्र त्याला पोस्टग्रेस, रेडिस आणि डॉकर ही आणखी तीन सॉफ्टवेअर चालवता येतील असा स्वतंत्र सर्व्हर लागतो. साध्या सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, ते बसत नाही. तिसरा पर्याय बीबीप्रेसचा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या मदतमंचासाठी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांनी २००४ मध्ये ते लिहायला घेतले आणि २०११ च्या २.० आवृत्तीपासून ते प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरच्या, रूपात मिळू लागले. एकच नोंदणी, एकच डेटाबेस आणि एकच बॅकअप, या कारणांनी मी ते निवडले. संकेतस्थळाची देखभाल एकच माणूस करत असेल, तर दोन यंत्रणा अद्ययावत ठेवण्याचा भार वैशिष्ट्यांच्या यादीत दिसत नाही, पण तो कायमचा असतो.

बीबीप्रेसच्या जोडीला बडीप्रेस हे दुसरे प्लगिन घेतले की सदस्यांची पाने, मैत्री, गट आणि खाजगी निरोप हे सारे मिळते. त्यांतील सदस्यांची पाने मी घेतली आणि खाजगी निरोप जाणीवपूर्वक बंद ठेवले. उघड्या धाग्यावर, म्हणजे एका विषयावरील सर्वांना दिसणाऱ्या चर्चेत, कोणी कोणाला त्रास दिला तर ते सर्वांना दिसते आणि थांबवता येते; बंद निरोपांत काय चालले आहे हे त्रास होणाऱ्याने सांगेपर्यंत कळत नाही, आणि तोवर तो सदस्य बहुधा मंच सोडून गेलेला असतो. ज्या सोयीवर आपण लक्ष ठेवू शकत नाही ती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम संकेतस्थळाच्या चाचणीप्रतीवर केले. बीबीप्रेस आपले विभाग, धागे आणि उत्तरे लेखांच्याच तक्त्यात ठेवते. त्यामुळे बॅकअप सोपा होतो, पण मंच वाढला की तोच तक्ता फुगत जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट कॅशिंगची, म्हणजे एकदा घडवलेले पान साठवून ठेवण्याची, आहे. लेख वाचायला येणाऱ्या अनोळखी वाचकाला तयार पान दिले जाते आणि सर्व्हरला जवळजवळ काहीच काम पडत नाही; सदस्य लॉगिन करून आला की मात्र प्रत्येक पान त्याच्यासाठी नव्याने घडवावे लागते. म्हणजे वाचकसंख्या तेवढीच राहिली, तरी त्यांतले बरेच जण सदस्य होताच सर्व्हरवरचा ताण कितीतरी वाढतो. मंच उघडण्याआधीच होस्टिंगची योजना वाढवून घेतली ती याच हिशेबाने.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी दोन बाबी विशेष सांगण्यासारख्या आहेत. वर्डप्रेस धाग्याच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता बनवते आणि त्या पत्त्यातील शीर्षकाच्या भागाला २०० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्त पत्त्यात सांकेतिक रूपात जाताना नऊ वर्णांची जागा घेते, म्हणून साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. सदस्य शीर्षके लांबलचक देतात आणि ती द्यावीतच, कारण त्यांतूनच प्रश्न कळतो. त्यामुळे मंचावरील पत्त्यांत शीर्षकाऐवजी केवळ धाग्याचा क्रमांक येईल अशी व्यवस्था मी एका छोट्या कोडने करून घेतली. दुसरी बाब शोधाची. बीबीप्रेसमधील शोध केवळ अक्षरांची सलग जुळणी पाहतो. 'ग्रह' शोधले की 'ग्रहण'ही येते आणि 'तारा' शोधले की 'ताऱ्यांची' असे लिहिलेला धागा येत नाही. विभक्ती प्रत्ययांनी रूप पालटणाऱ्या भाषेत ही अडचण पावलोपावली जाणवते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक धाग्याला मूळ रूपातील खुणेचे शब्द लावण्याची पद्धत ठेवली. सदस्य विसरले तर ते शब्द नियामक, म्हणजे मंचावर देखरेख करणारे सदस्य, लावतात. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु जुने उत्तर सापडणे हाच मंचाचा मुख्य उपयोग असल्याने ते टाळता येत नाही.

नोंदणी खुली करताच स्पॅम येणार हे गृहीत होते. त्यासाठी अकिस्मेट हे स्पॅम ओळखणारे प्लगिन, नोंदणीच्या अर्जात माणसाला न दिसणारा पण यंत्राने भरला जाणारा एक रकाना, आणि ईमेलची खातरजमा, अशी तीन गाळण्यांची रचना केली. शिवाय डिस्कोर्सची एक कल्पना येथे उचलली. तेथे नव्या सदस्याला दुवे आणि चित्रे टाकण्यावर मर्यादा असते, आणि त्याने किमान पाच धागे उघडून, तीस नोंदी वाचून, वाचनात दहा मिनिटे घालवली की मूळ मांडणीनुसार पुढची पायरी आपोआप मिळते. बीबीप्रेसमध्ये असे आपोआप होत नाही. म्हणून दुवा असलेले पहिले लेखन मंजुरीसाठी थांबेल, एवढाच नियम मी लावला आणि तो पुरेसा ठरला. खरा सदस्य थोडे थांबायला तयार असतो, केवळ जाहिरातीसाठी आलेला सहसा नसतो.

ईमेलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि मंच जगणे किंवा न जगणे मात्र पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते. आपल्या प्रश्नाला उत्तर आले आहे हे विचारणाऱ्याला कळले नाही, तर तो परत येत नाही. वर्डप्रेस मुळात सर्व्हरवरील साध्या मेल सुविधेने निरोप पाठवते आणि असे निरोप बऱ्याचदा स्पॅमच्या कप्प्यात जातात. बीबीप्रेस तर एका धाग्याच्या सूचना मागवणाऱ्या सर्वांना एकाच ईमेलच्या गुप्त प्रतीतून कळवते, ज्याने तो स्पॅम असल्याचा संशय आणखी वाढतो. मी ईमेल पाठवणारी स्वतंत्र सेवा घेतली, निरोप खरोखर आमच्याकडूनच आल्याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्या ओळी डोमेनच्या नोंदींत भरल्या, आणि प्रत्येकाला वेगळा निरोप जाईल असे केले. संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ येथे गेला आणि तो सार्थकी लागला.

यानंतर विभागांचा प्रश्न आला. ग्रह, तारे, दीर्घिका, धूमकेतू, दुर्बिणी, छायाचित्रण अशी लांब यादी करण्याचा मोह होतो. मी फक्त तीन विभाग उघडले : निरीक्षणे, उपकरणे आणि नवशिक्यांचे प्रश्न. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा, की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण सातत्याने लिहितो. हे प्रमाण ढोबळ असले तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे : लिहिणारे मोजके असतात, आणि त्यांना अनेक विभागांत विखरून टाकले तर प्रत्येक विभाग ओस दिसतो. ओस विभागात कोणी पहिला प्रश्न विचारत नाही.

मंच सर्वांसाठी खुला करण्याआधी नेहमी प्रतिसाद देणाऱ्या काही वाचकांना मी आत बोलावले. लेखांखालचे उत्तम प्रश्नोत्तर मूळ लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच नावाने, धाग्यांच्या रूपात आणले. प्रतिसाद आणि धागे डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या तक्त्यांत असल्याने हे काम हातानेच केले, आणि त्यामुळे काय ठेवावे व काय सोडावे याचा विचारही झाला. नियम थोडके लिहिले : मतावर बोलावे, माणसावर नाही, उचललेल्या छायाचित्राचा मूळ छायाचित्रकार सांगावा, सूर्याकडे योग्य फिल्टरविना पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो तत्काळ काढला जाईल. शेवटचा नियम डोळ्यांच्या सुरक्षिततेचा आहे आणि त्यात मी कोणतीही सवलत ठेवलेली नाही.

सदस्याला निघून जायचे असेल तर काय, याचे उत्तरही आधीच ठरवून जाहीर केले. वर्डप्रेस खाते काढताना त्याचे लेखन पुसावे की दुसऱ्या खात्याकडे सोपवावे असे विचारते, आणि २०१८ च्या ४.९.६ आवृत्तीपासून वैयक्तिक माहिती मागण्याची व पुसण्याची साधनेही त्यात आहेत. आमच्याकडे नाव आणि ईमेल पुसले जातात, उत्तरे 'माजी सदस्य' या खात्याकडे जातात. कोणाला आपले शब्दही नको असतील तर तेही काढले जातात.

आता लेखांखालचे प्रतिसाद त्या लेखापुरते उरले आहेत आणि प्रश्न मंचावर जातात. भिंगावरील बुरशीचा धागा उपकरणे विभागात सर्वांत वर चिकटवलेला असून त्यात मूळ उत्तर देणारे सदस्य नवी माहिती भरत असतात. बीबीप्रेसच्या २.६ आवृत्तीपासून एकेका विभागापुरता नियामक नेमता येतो. उपकरणे विभागाची ती जबाबदारी त्यांनीच घ्यावी, अशी विनंती मी त्यांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.